दुकानासमोरची जागा कुणाची?

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पाहुण्याला हे सांगताना लातूरचा माणूस अजूनही जरा ताठ होतो, आणि त्यानं व्हावंच. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी निजामाच्या काळात आखलेली ही बाजारपेठ. बांधकाम १९१७ सालचं. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिथून चहूकडं फुटलेले रस्ते. एकेका रस्त्याला एकेका मालाचं नाव चिकटलेलं: सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन. कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. खेड्यावरून आलेला माणूस एकदा गोलाईत पोचला की त्याला फारसं कुणाला विचारावं लागत नाही. ज्यानं हे आखलं त्यानं माणसांचं येणं-जाणं आणि मालाचं चढणं-उतरणं डोळ्यांपुढं ठेवलं होतं, हे आजही त्या रस्त्यांनी चालताना कळतं. चालायला मिळालं तर.

गोलाईजवळच्या अशाच एका रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता धाकटे भावजी आणि मी बघतो. भावजी खरेदी आणि उधारी सांभाळतात, मी गल्ल्यावर बसते. गल्ल्यावरून समोरचा रस्ता दिसतो. त्यामुळं कोणती गाडी कधी लागली आणि कधी हलली याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप राहतो. बाजारातल्या पार्किंगविषयी सगळेच बोलतात. रस्ते अरुंद झाले, गाड्या फार झाल्या, लोकांना शिस्त राहिली नाही, एवढ्यात विषय संपतो. गल्ल्यावरून मला जे दिसतं ते निराळं आहे. जागा कमी आहे हे खरं. पण जेवढी आहे तेवढीसुद्धा सकाळी साडेदहाला संपलेली असते, आणि त्या वेळेपर्यंत बाजारात गिऱ्हाईक पोचलेलंही नसतं.

सकाळी नऊला आमचा रस्ता चांगला रुंद वाटतो. झाडणाऱ्या बायका येऊन गेलेल्या असतात, एखादा दुधाचा कॅन लावलेली मोटारसायकल जाते. साडेनऊला शटर वर जायला लागतात. मालक आपल्या गाडीवर येतो, ती दुकानाच्या तोंडाशी लावतो. त्याचा मुलगा मागून येतो, त्याची गाडी शेजारी. मग कामाला असलेली मुलं येतात, कुणी बाभळगावहून, कुणी खाडगावहून, एकेका गाडीवर दोघं-दोघं. वरच्या मजल्यावर दवाखाना असतो, कर सल्लागाराची कचेरी असते, खाली झेरॉक्सवाला असतो. त्यांच्याही गाड्या. सगळे हँडल लॉक करून, चावी खिशात घालून कामाला लागतात. या गाड्या रात्री साडेआठ-नऊला हलतात. अकराच्या पुढं रेणापूर, औसा, चाकूर, निलंग्याकडून माणसं यायला लागतात तेव्हा रांग भरलेली असते. मग नवा आलेला आपली गाडी त्या रांगेच्या मागं लावतो. त्याच्यामागं आणखी एक. तीन पदरी गाड्या आणि उरलेल्या पट्टीतून रिक्षा, हातगाडे, लेकराचा हात धरून चाललेली बाई.

हिशेब सोपा आहे. बाजाराचा दिवस दहा तासांचा धरा. भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सरासरी अर्धा तास थांबतं. म्हणजे एका दुचाकीच्या जागेवर दिवसभरात वीस गिऱ्हाइकं येऊन जाऊ शकतात. त्याच जागेवर आमच्या माणसाची गाडी दिवसभर उभी राहिली तर येणारं गिऱ्हाईक शून्य. दुकानासमोर अशा पाच गाड्या असल्या तर शंभर गिऱ्हाइकांची जागा गेली. सगळे तास सारखे भरत नाहीत, म्हणून निम्मे धरा. पन्नास तरी गेलेच. चारचाकीचं गणित याहून जड. नियमात मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, दुचाकीला एक बाय दोन. एका मोटारीत सहा दुचाक्या बसतात. आणि त्या मोटारीतून उतरतो बहुतेक वेळा एकच माणूस.

मला वाटतं आपली चूक मोजण्यात होते. उभ्या राहिलेल्या गाड्या आपण मोजतो. जागा न सापडल्यामुळं जो गोलाईला दोन फेऱ्या मारून तसाच बार्शी रोडच्या एखाद्या मोठ्या दुकानाकडं वळला, त्याला कुणीच मोजत नाही. तो आपल्या दुकानात आलेलाच नसतो, मग तो गेल्याचं दुःख तरी कोण करणार? मंदी आली, ऑनलाइननं धंदा खाल्ला, असं आम्ही संध्याकाळी एकमेकांना सांगतो. ते खोटं नाही. पण घरात बसून भांडी मागवणाऱ्याला बाजारात येणं इतकं अवघड कुणी केलं, हेही त्याच वेळी विचारायला पाहिजे.

इथला बाजार शेतीच्या वेळापत्रकावर चालतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, त्याचे पैसे हातात येतात आणि त्याच सुमारास दिवाळी. त्या दिवसांत गोलाईत पाय ठेवायला जागा नसते. मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर. उन्हाळ्यात लग्नसराई. आमचा खरा धंदा लग्नसराईचा. मुलीचे आई-वडील, मामा, आत्या, दोन-चार शेजारणी, असं सगळं गणगोत जीपमध्ये बसून येतं. हंडा, कळशी, परात, डबे, कुकर, मिक्सर. एवढा माल घेऊन त्यांनी चालत जायचं कुठं? जीप कुठंतरी लांब उभी, तिथवर आमचा हमाल हातगाड्यावर माल नेतो. वाटेत उभ्या गाड्यांची रांग. हमाल एकेक मोटारसायकल मागच्या चाकाला धरून उचलून बाजूला सरकवतो आणि पुढं जातो. गोलाईतल्या हमालांची निम्मी ताकद माल ओढण्यात नव्हे, दुसऱ्याच्या गाड्या सरकवण्यात जाते. तिचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

मागच्या लग्नसराईत रेणापूरकडचे एक गृहस्थ आले होते. साठीच्या पुढचे, धोतर-टोपी, मुलगा पुण्याला, म्हणून नातीच्या लग्नाची खरेदी स्वतः बघत होते. मोटारसायकल त्यांनी रांगेच्या टोकाला लावली. दुसरीकडं जागाच नव्हती. ताटं-वाट्यांचं ठरत आलं आणि बाहेर भोंगा वाजला. गाड्या उचलणारा टेम्पो. कडेची म्हणून यांचीच गाडी आधी उचलली. ते चप्पल न घालता धावले. "येलालो ना, येलालो, थांबा की जरा," म्हणत. टेम्पो थांबला नाही. गाडी सोडवायला दंड, वर उचलण्याचा खर्च, रिक्षाचं भाडं आणि दोन-तीन तास. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधा दंडही पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजार रुपये झाला आहे. परत आले तेव्हा त्यांनी वाट्यांची संख्या कमी केली. मला त्यांच्याकडं बघवेना. कारण त्यांच्या गाडीच्या आतल्या बाजूला, दुकानांच्या तोंडाशी, सकाळपासून लागलेल्या सगळ्या गाड्या जागेवर होत्या. टेम्पोचा हात तिथवर पोचत नाही. ज्यानं दिवसभर जागा अडवली तो सुरक्षित, आणि जो अर्ध्या तासासाठी आला त्याची गाडी वर टांगलेली.

उचलून नेणं म्हणजे व्यवस्था नव्हे. ज्या रस्त्यावर गाडी कुठं लावायची हे पट्टे मारून दाखवलेलं नाही, तिथं कुठं लावायची नाही एवढंच सांगून भागत नाही. आपल्याकडं पी-१, पी-२ ची पद्धत आहे. विषम तारखेला रस्त्याच्या एका अंगाला, सम तारखेला दुसऱ्या. अरुंद रस्त्यासाठी ही पद्धत चांगली आहे, कारण एक बाजू रोज मोकळी राहते आणि दोन्हीकडच्या दुकानदारांना सारखा वाटा मिळतो. पण पाट्या झाडामागं किंवा फ्लेक्सच्या मागं गेल्या, की खेड्यावरून आलेल्या माणसाला आज कोणती बाजू हे कळायचं कसं? तो इतर गाड्या बघून आपली लावतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आणि मग दुकानदारांनी धरलेल्या जागा. एका दुकानासमोर दोन विटा आणि आडवी काठी, दुसऱ्यासमोर सिमेंट भरलेला डबा आणि त्यात रोवलेला पाइप, तिसऱ्यासमोर साड्या नेसवलेले पुतळे थेट रस्त्यावर. "दुकानासमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल" ही पाटी तर शहराशहरात. या पाटीचा मला मनापासून राग येतो. दुकानाची पायरी संपली की आपली मालकी संपली. पुढचा रस्ता गावाचा. तो त्या रेणापूरच्या आजोबांचाही तेवढाच आहे जेवढा आमचा. भाडं आम्ही दुकानाचं भरतो, रस्त्याचं नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ ला जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. त्यामागची तक्रार वाचली तेव्हा मी चकित झाले होते. बाजारातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारेच सकाळी येऊन आपल्या मोटारी दिवसभर लावून ठेवतात, गिऱ्हाइकाला जागा उरत नाही, अशी ती तक्रार. करणारे कोण, तर तिथले व्यापारीच. कार्ल मॅगी नावाचे एक वर्तमानपत्राचे संपादक व्यापारी मंडळाच्या वाहतुकीच्या कामात होते, त्यांनी या यंत्राची कल्पना मांडली. तासाला पाच सेंट. पैसे जमवणं हा मूळ हेतू नव्हता. जागा हलती राहावी, एकाच्या ताब्यात दिवसभर अडकू नये, हा होता. नव्वद वर्षं झाली. माणसाचा स्वभाव बाजारात गेला की ओक्लाहोमा काय आणि लातूर काय, सारखाच.

याच विषयावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्य घातलं. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्त्यावरच्या पार्किंगचा दर इतकाच ठेवा की कोणत्याही वेळी शंभरातल्या पंधरा जागा रिकाम्या राहतील. त्याहून जास्त रिकाम्या राहिल्या तर दर जास्त झाला, तो उतरवा. सगळ्या भरल्या तर दर कमी आहे, तो चढवा. रिकाम्या जागेसाठी घिरट्या घालणाऱ्या गाड्याच बाजारातली बरीच कोंडी करतात, हे गोलाईला चार फेऱ्या मारलेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

शूप यांची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराचा जुना बाजार मोडकळीला आला होता. तिथं मीटर बसवायचं म्हटल्यावर दुकानदार अडून बसले. गिऱ्हाईक पळेल म्हणाले. शेवटी शहरानं कबूल केलं की या मीटरांचा पैसा याच बाजारात खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर बसले. त्या पैशातून फूटपाथ दुरुस्त झाले, दिवे लागले, झाडं लावली, मागच्या गल्ल्या साफ झाल्या. बाजार पुन्हा उभा राहिला आणि विरोध करणारेच मीटरच्या बाजूनं बोलायला लागले. माणसाला पैसे द्यायचं दुःख फार नसतं. दिलेला पैसा कुठं गेला हे कळत नाही, त्याचं दुःख असतं. आपल्या बाजारात महिन्याला जमलेल्या पावत्यांचा आकडा कोपऱ्यावरच्या फळ्यावर लिहिला आणि शेजारी त्यातून काय केलं ते लिहिलं, तर दहा रुपयांची पावती फाडताना होणारी भांडणं पुष्कळ कमी होतील, असा माझा विश्वास आहे.

आपल्याकडं हे कुणाला सुचलं नाही असं नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की शहरातली जमीन मोलाची आहे आणि पार्किंगचं शुल्क त्या मोलाला धरून असावं. पुण्याच्या महापालिकेनं २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं. विरोध झाला, आणि रस्त्यावर पैसे घेऊन गाडी लावण्याचा भाग पुढं बराच काळ रखडला. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानं गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो स्थानिक संस्थेशी बोलून वापरायचा आहे. म्हणजे रस्ता महापालिकेचा, दंड करणारे पोलीस, आणि दोघांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय एक पट्टासुद्धा नीट मारला जात नाही. लहान शहरांत घोडं नेहमी इथंच अडतं. कुणी वाईट असतं म्हणून नव्हे. हे रोजचं काम म्हणून कुणाच्याच अंगावर नसतं म्हणून.

आता पे अँड पार्कचं. ते सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा ठेक्यानं सुरू होतं. ठेकेदार ठरावीक रक्कम भरतो आणि ती वर्षभरात वसूल करतो. त्याला गाड्या हलण्याशी देणंघेणं नसतं. एक गाडी दिवसभर उभी राहिली तरी पावती फाटते, आणि ती हलवायला माणूस लागत नाही. शहराला हवं असतं ते याच्या उलट. पावतीवर वेळच नसेल तर ती पार्किंगची पावती नाही, नुसती वर्गणी. दर पहिल्या तासाला कमी आणि पुढं चढता पाहिजे. अर्ध्या तासात काम करून जाणाऱ्याला जवळजवळ काहीच पडू नये, आणि दिवसभर उभं करणाऱ्याला इतकं पडावं की त्याला लांबच्या मैदानावर गाडी लावून चालत येणं परवडेल. आता हातातल्या छोट्या यंत्रावर गाडीचा नंबर आणि वेळ टाकून पावती निघते, पैसे फोनवरून जातात. भाजीवालीकडंही क्यूआर कोड आहे. अवघड काय राहिलंय?

बहुमजली पार्किंग बांधा, असं दर निवडणुकीत कुणीतरी म्हणतं. बांधायला माझी ना नाही. पण आधी एवढं लक्षात घ्या: मोटारसायकलवाला दहा मिनिटांच्या कामासाठी उतार चढून तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही, जोवर खालचा रस्ता त्याला फुकट मिळतो. तो रस्ता तसाच ठेवून वर कितीही मजले बांधले तरी रिकामे राहतील. शिवाय आत फिरायच्या वाटा धरल्या तर एका मोटारीमागं उघड्यावर तेवीस चौरस मीटर आणि तळघरात बत्तीस चौरस मीटर जागा धरावी लागते. एवढी महाग जागा बांधण्याआधी, आहेत ती तळघरं तरी गाड्यांसाठी खुली करायला नकोत का? नकाशावर पार्किंग दाखवलेल्या तळघरात गोदाम, दुकान, अभ्यासिका चालतात हे कोणत्या शहरात दिसत नाही? जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या राजेंद्रनगरात अशाच एका तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तळघराला परवानगी होती पार्किंग आणि साठवणुकीची, चालत होतं वाचनालय. ती बातमी ऐकली तेव्हा लातूरच्या किती घरांत आईबापांच्या पोटात गोळा आला असेल. उद्योग भवन परिसरात ट्यूशनसाठी आलेली हजारो मुलं या शहराच्या भरवशावर राहतात. पार्किंगचा नियम मोडला तर फक्त रस्ता अडतो, असं समजून चालणार नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस कायम गाळला जातो. ज्याच्याकडं गाडीच नाही तो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. तेव्हापासून आमच्या दुकानात एकट्या येणाऱ्या बायका स्पष्ट वाढल्या. पूर्वी नवरा किंवा दीर सोबत असायचा, त्याच्या सवडीनं बाजार व्हायचा. आता दोघी-तिघी मैत्रिणी मिळून येतात, निवांत भाव करतात, भांडं वाजवून बघतात. या बायका बसस्थानकावरून पायी येतात. त्यांना पार्किंग नको, फूटपाथ पाहिजे. आणि फूटपाथवर आमच्या गाड्या. एकदा एक बाई कडेवरच्या मुलासकट गाड्यांच्या फटीतून येताना तापलेल्या सायलेन्सरला पोटरी लागून भाजली. आमच्याकडं बर्फ नव्हता, शेजारच्या रसवंतीतून आणला. आधी फूटपाथ मोकळा, मग मालाची चढउतार, मग गिऱ्हाइकाची गाडी, आणि सगळ्यात शेवटी दुकानदाराची गाडी. मी हा क्रम ज्याला सांगते तो पहिल्या तिन्हींना मान डोलावतो.

हातगाडीवाल्यांकडं बोट दाखवणं सोपं असतं. केळीवाला, बांगड्यावाली, कंगवे-रुमालवाला यांना हटवा, रस्ता मोकळा होतो, असं आमच्या व्यापाऱ्यांत म्हणणारे आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं पाहणी होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही, आणि जागा ठरवणाऱ्या समितीत शेकडा चाळीस सभासद विक्रेत्यांचे पाहिजेत, त्यांतही तिसरा हिस्सा बायकांचा. केळीवाल्याचा गाडा एका मोटारीच्या निम्म्याहून कमी जागा घेतो आणि त्यावर एक घर चालतं. बांगड्यावालीकडं आलेली बाई पुढं आमच्याकडं डबा घ्यायला येते. रस्त्यावर कुणाचा हक्क आधी, हे ठरवताना मी बांगड्यावालीला मोटारीच्या पुढं ठेवीन.

आमच्या लाईनीत काही जणांनी मिळून एक प्रयत्न केला आहे. जवळच एका जुन्या वाड्याचं पडकं आवार रिकामं होतं. मालक बाहेरगावी. त्यांच्याशी बोलून ते महिना भाड्यानं घेतलं, काटेरी झुडपं काढली, मुरूम टाकला, एक म्हातारबाबा राखणीला बसवले. दुकानं वर्गणी देतात, मालकांच्या आणि कामगारांच्या गाड्या तिथं. पोरं सुरुवातीला कुरकुरली. मे महिन्यात लातूरच्या उन्हात दुपारी डबा आणायला गाडीपर्यंत चालत जायचं म्हणजे खायचं काम नाही. मग आवारात पत्र्याची सावली केली, गाड्या तापायच्या थांबल्या, तेव्हा निम्मा विरोध गळाला. सगळी दुकानं आली नाहीत. वरच्या मजल्यावरचे तर फिरकलेही नाहीत.

भावजींचा यावर आक्षेप आहे आणि तो मी मोडून काढू शकलेले नाही. "वहिनी, आपण आपली गाडी काढली की त्या जागेवर समोरच्या दुकानातलं पोरगं लावतं. गिऱ्हाइकाला कुठं राहिली जागा? आपण चालायचं आणि त्यांनी आरामात यायचं?" खरं आहे. असं होतं. मी डोळ्यांनी बघते. एका दुकानानं, पाच दुकानांनी सोडलेली जागा रस्त्यावर टिकत नाही. सोडणाऱ्याचं नुकसान आणि धरणाऱ्याचा फायदा होतो. म्हणून तर हे चांगुलपणावर सोडता येत नाही. सगळ्यांना एकच नियम, एकच दर, आणि तो रोज लागू करणारं कुणीतरी पाहिजे. भावजींचा आक्षेप दराच्या बाजूनं जातो, विरुद्ध नाही, असं मी त्यांना म्हणते. ते म्हणतात, दर लागला तर आपलंच गिऱ्हाईक तुटेल, खेड्यावरचा माणूस दहा रुपयांसाठी दहा वेळा विचार करतो. मी त्यांना रेणापूरच्या आजोबांची आठवण देते. दहा रुपयांत सुटले असते ते.

आता लाईनीतल्या आम्ही काही जणांनी एक अर्ज लिहिला आहे. त्यात मागितलंय ते असं. रस्त्यावर पट्टे मारून दुचाकीच्या जागा आखा आणि फूटपाथच्या कडेला पिवळी रेघ ओढा. दुचाकीला पहिला अर्धा तास फुकट, पुढं तासागणिक चढता दर, आणि पावतीवर गाडी लावल्याची वेळ छापलेली. मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आत आणि रात्री आठनंतर चढउतार, आणि लग्नसराईत गिऱ्हाइकाच्या जीपला माल भरायला दर लाईनीत एक राखीव जागा. हमालांच्या हातगाड्यांना आणि फेरीवाल्यांना कसलीही पावती नाही. जमलेल्या पैशातला निम्मा याच रस्त्यावर खर्च व्हावा. बायकांसाठी स्वच्छतागृह आधी, कारण एवढ्या मोठ्या बाजारात दिवसभर येणाऱ्या बाईला जायला नीट जागा नाही. मग दिवे, मग फूटपाथ. आणि दर महिन्याचा हिशेब कोपऱ्यावरच्या फळ्यावर.

सह्या गोळा करायला मी आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या ताई मिळून फिरतोय. सराफ लाईनीकडच्या काहींनी केल्या, कापडवाल्यांनी बघू म्हटलंय, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पेशंटसाठी दोन जागा मागून सही केली, ती मागणीही आम्ही अर्जात घातली. भावजींनी काल सही केली. खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवून: "पहिला अर्धा तास नको, पाऊण तास करावा. भांडी पारखून घ्यायला वेळ लागतो."